तुमच्या आदर्श स्त्रीकडून तुम्ही नेमकं काय उचललंत? (माझ्यापुरतं : मृणालताई गोरे)

जाईजुई

गेल्या महिन्यात सोसायटीच्या पाणी समितीत माझं नाव घातलं गेलं. मी नको म्हणत होते. आमच्याकडे पहाटे साडेचारला पाणी येतं आणि सव्वापाचला जातं. उरलेला दिवस टँकरवर. तळमजल्यावरच्या काकू साडेचारच्या आधी उठून नळाखाली बादली ठेवतात आणि पाणी पडल्याचा आवाज आला की बाजूच्या दोन दारांवर थाप मारतात. सहा वर्षं हेच चाललंय.

आम्ही तिघी पाणीखात्याच्या कार्यालयात गेलो. साहेब साइटवर आहेत, असं सांगण्यात आलं. तासभर बसलो आणि परत आलो. येताना रिक्षात कोणी बोललं नाही.

त्या रात्री मला मृणालताई गोरे आठवल्या. शाळेत आमच्या बाई त्यांच्याबद्दल भरभरून सांगायच्या, पण 'पाणीवाली बाई' एवढंच डोक्यात राहिलं होतं. गेले तीन आठवडे मिळेल ते वाचते आहे आणि झपाटल्यासारखं झालंय. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म 24 जून 1928, माहेरचं आडनाव मोहिले. हुशार विद्यार्थिनी, मेडिकलला प्रवेश मिळालेला. राष्ट्र सेवा दलात आल्या आणि डॉक्टरकी अर्धवट सोडून पूर्णवेळ कामाला लागल्या. 1948 मध्ये केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न, तेही आंतरजातीय. गोरेगाव तेव्हा मुंबई महापालिकेत नव्हतं, ग्रामपंचायत होती. दोघांनी तिथेच कामाला सुरुवात केली. 1958 मध्ये केशवराव गेले. मृणालताई तेव्हा तिशीत, पदरात लहान मुलगी. घरी बसल्या असत्या तर कोणी बोट दाखवलं नसतं. तीन वर्षांनी, 1961 मध्ये, त्या महापालिकेवर निवडून आल्या.

1961 मध्ये बायकांना राखीव जागा नव्हत्या, हे मला फार मोठं वाटतं.

पुढे 1972 ला आमदार, 1977 ला खासदार, 1985 ला पुन्हा आमदार. पण मला झपाटलंय ते पदांनी नाही. मला जे वाटतं ते एवढंच : आपण बहुतेक थोर बायकांना हार घालतो, कारण त्यांनी केलं ते आपल्याला करता येणार नाही हे आपण आधीच ठरवलेलं असतं. मृणालताईंनी जे केलं त्यातलं निदान थोडं मला सोमवारी सकाळी करता येईल. अर्ज लिहिणं, परत जाणं, नियम वाचणं, बरोबर दहा जणी घेऊन जाणं.

तर तुमची अशी कोण आहे? आणि तिच्याकडून तुम्ही हाताने करण्यासारखं काय घेतलंत? मृणालताईंना पाहिलेलं, ऐकलेलं कोणी असेल तर प्लीज लिहा.

मेथीची_जुडी

किती छान विषय. माझी आई लाटणं मोर्च्यात गेली होती, म्हणून लिहितेच.

1972 चा दुष्काळ, पाठोपाठ 73. रेशनवर लाल ज्वारी यायची. साखर, तेल, रॉकेल कधी येईल याचा नेम नाही, आणि आलं तर रांग गिरणीच्या फाटकापर्यंत. त्या काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, कमल देसाई, प्रमिला दंडवते या सगळ्या एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली. यात समाजवादी होत्या, दोन्ही कम्युनिस्ट पक्षांच्या होत्या. एरवी या पक्षांचे पुरुष एकमेकांचं तोंड बघत नसत.

आईचा राजकारणाशी काही संबंध नव्हता. ती गेली कारण शेजारीण गेली आणि शेजारीण गेली कारण तिच्या घरी चार दिवस तेल नव्हतं. लाटणं आणि स्टीलची थाळी घेऊन या, एवढाच निरोप होता. आई सांगायची की सुरुवातीला सगळ्या लाजत लाजत वाजवत होत्या, घरातली वस्तू रस्त्यावर काढल्यासारखं वाटत होतं. मग मागून कुठूनतरी जोरात आवाज सुरू झाला आणि कोणाला कोणाचं ऐकू येईना.

ते लाटणं माझ्याकडे आहे. शिसवीचं. एका बाजूला थाळीच्या काठाने पडलेल्या बारीक बारीक खाचा आहेत, त्यात कणीक अडकते, टूथब्रशने काढावी लागते. पोळी त्या बाजूने थोडी रेघाळ होते. दुसरं घेतलं नाही कधी.

जाईजुई

@मेथीची_जुडी, अंगावर काटा आला. आईंना माझा नमस्कार सांगा.

मेथीची_जुडी

आई 2019 ला गेली. पण पोचला.

सह्यकडा

धागा चांगला आहे, मृणालताईंबद्दल आदर आहेच. पण एक वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नये.

मी पाणीपुरवठ्याच्या कामात बावीस वर्षं आहे. मुंबईला पाणी मोर्च्यांनी आलेलं नाही. ते विहार तलावापासून आलं, तानशातून आलं, 1957 च्या मोडक सागरातून आलं, नंतर भातसातून आलं. शंभर किलोमीटर लांबून जलवाहिन्या टाकल्या, बोगदे खणले, तेव्हा आलं. पाणी म्हणजे दाब, उंची आणि पाइपचा व्यास. ज्या इंजिनिअरांनी हे केलं त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत. आदर्श ठरवताना त्यांचाही विचार व्हावा असं मनापासून वाटतं.

जुना_गोरेगावकर

वय 74, गोरेगावातच जन्मलो, अजून गोरेगावातच आहे. सहसा फक्त वाचतो. आज लिहितो.

सह्यकडा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्या इंजिनिअरांबद्दल मलाही आदर आहे. पण अर्धंच खरं आहे. धरणातलं पाणी शहरात आलं की ते कोणत्या गल्लीत वळायचं हे धरण ठरवत नाही. गोरेगाव ते दहिसर हा पट्टा 1957 ला महापालिकेत आला. त्याआधी आम्ही विहिरींवर होतो. आलो तेव्हा वाटलं, आता मुंबईकर झालो, नळ येईल. नळ आला पण पाणी दक्षिणेकडे. आमच्या चाळीत अडतीस बिऱ्हाडं आणि दोन नळ. कळशांची रांग रात्रीच लागायची, माणसं झोपलेली आणि कळशा उभ्या. कोणाची कळशी कोणती ते पोच्यावरून आणि तळावर कोरलेल्या नावावरून ओळखायचं. माझ्या आजीच्या कळशीला गळ्याशी डाग दिलेला होता, ती मी अंधारात हाताने ओळखायचो.

झोपडपट्टीत तेही नव्हतं. तिथे उत्तर ठरलेलं : वस्ती बेकायदा, म्हणून नळ नाही. माणसाला कागद नसेल तर तहानही नसते असा तो नियम होता. मृणालताईंनी बोट ठेवलं ते या नियमावर. एका धरणाने हा नियम बदलला नसता. त्यासाठी सभागृहात कोणीतरी पुन्हा पुन्हा उठून उभं राहावं लागतं आणि बाहेर हंडे घेऊन बायकाही उभ्या राहाव्या लागतात. दोन्ही. त्यांनी दोन्ही केलं. 'पाणीवाली बाई' हे नाव कोण्या वर्तमानपत्राने बसून ठेवलेलं नाही असं मला वाटतं, ते आमच्या नळांवरच पडलं. आम्ही तरी ते तिथेच ऐकलं.

त्यांना मी रस्त्यावर असंख्य वेळा पाहिलं. सुती साडी, भराभर चालणं. नगरसेविका असताना, आमदार असताना, खासदार झाल्यावरही चालणं तेच.

सह्यकडा

मान्य. वाटप हा वेगळा विषय आहे, आणि खरं सांगायचं तर आमच्या खात्यात तोच अवघड विषय असतो. व्हॉल्व्ह कोणाच्या बाजूला किती वेळ उघडा ठेवायचा यावरच सगळं अवलंबून. ते कुठल्या पुस्तकात नसतं.

वाचनवेडा

या संदर्भात एक भर. झोपडपट्टीत पाणी द्यायचं की नाही हा वाद मृणालताईंच्या हयातीत संपला नाही. त्या 17 जुलै 2012 ला गेल्या. डिसेंबर 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वस्ती बेकायदा आहे म्हणून माणसांना पाणी नाकारता येणार नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे त्या महापालिकेत गेल्या त्याला त्रेपन्न वर्षं झाली होती.

कृष्णाकाठ

मी एका छोट्या गावात ग्रामपंचायत सदस्य आहे, दुसरी टर्म. आमच्याकडे मृणालताईंचं नाव कोणाला माहीत नाही हे आधी सांगते. सावित्रीबाई, जिजाऊ, अहिल्यादेवी यांचे फोटो ऑफिसात आहेत, जयंतीला फुलं असतात. मला स्वतःला नाव माहीत झालं ते बचतगटाच्या एका शिबिरात.

जाईजुई यांनी राखीव जागांचं लिहिलंय त्यावर सांगावंसं वाटलं. मी महिला राखीव जागेवरूनच आले. राज्यात आता स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत. पण पहिल्या मीटिंगला मला रजिस्टर दिलं गेलं ते कोरं. सही खाली करा, वरचं आम्ही लिहून घेतो. आमच्या यांना फोन आला की वहिनींना कशाला त्रास, तुम्हीच या. हे आले नाहीत, हे माझं नशीब. बऱ्याच जणींच्या घरचे येतात आणि खुर्चीत बसतात.

त्या शिबिरात ऐकलं की मृणालताईंची सुरुवातही ग्रामपंचायतीपासून, गटारं, दिवे, नळ यापासून. तेव्हा मला फार धीर आला. मला वाटायचं की माझं काम म्हणजे काहीच नाही, आमदार झाल्यावर खरं काम. आता मी कोऱ्या रजिस्टरवर सही करत नाही. ठराव आधी वाचून दाखवा म्हणते. पहिल्या वेळी हात थरथरत होता, सही वाकडी आली आहे, अजून रजिस्टरमध्ये दिसते.

धागाकर्तीने विचारलं हाताने करण्यासारखं काय घेतलं. हे घेतलं.

जाईजुई

@कृष्णाकाठ ताई, हा या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद आहे. अजून लिहा ना.

दोन_नंबर_फलाट

सगळे कौतुक करत आहेत, करावंच, पण राजकारणाचाही हिशेब मांडू. मृणालताईंचा समाजवादी पक्ष किती वेळा फुटला? 77 ला जनता पक्ष आला आणि 79 ला सरकार पडलं. इतकी प्रामाणिक माणसं, पण मुंबईतला मराठी माणूस त्यांच्या हातून का निसटला, याचा विचार त्यांच्या चाहत्यांनी केला पाहिजे. ज्यांच्याकडे सत्ता टिकत नाही त्यांना आदर्श म्हणताना हे बाजूला ठेवता येत नाही. मी हे चिडून नाही, वाईट वाटून लिहितोय. माझे वडील सेवा दलाचे. शाखेची विजार शेवटपर्यंत त्यांच्या ट्रंकेत होती.

वाचनवेडा

दोन_नंबर_फलाट, फुटीचं दुःख खरं आहे. पण सत्तेत नसताना काय करता येतं हे मृणालताईंइतकं स्वच्छ फार कमी जणांनी दाखवलं.

गर्भलिंग परीक्षेच्या विरोधातला कायदा बघा. त्या विरोधी बाकांवर होत्या. त्यांनी विधानसभेत खासगी विधेयक आणलं. खासगी विधेयक मंजूर होत नसतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण त्याने विषय सभागृहाच्या टेबलावर आला, बाहेर महिला संघटनांचा रेटा होताच, आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला. देशातला पहिला. केंद्राचा कायदा 1994 चा. त्या 1988-89 मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या, हेही फार कोणाच्या लक्षात नाही.

ओवी

मी त्या काळात एका प्रसूतिगृहात नर्स होते. नाव-गाव सांगत नाही. 'आज पाचशे खर्च करा, उद्याचे लाख वाचवा' अशा अर्थाच्या जाहिराती उघड उघड लागायच्या, लोकलच्या डब्यातसुद्धा. लाख म्हणजे हुंडा. आज तरुण मुलींना हे सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं.

बाई टेबलवर असायची आणि बाहेर सासू बसलेली असायची. रिपोर्ट बाईच्या हातात कधीच जायचा नाही. मी एकदा एका मुलीला विचारलं, तुला काय हवंय? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कुठल्या तरी दुसऱ्या भाषेत बोलले. तो चेहरा मला अजून दिसतो. एकोणीस-वीस वर्षांची असेल, केसात अबोलीचा गजरा, घरून कोणीतरी माळून दिलेला.

88 चा कायदा परिपूर्ण नव्हता. त्यातल्या काही तरतुदी चळवळीतल्या बायकांनाच पटल्या नव्हत्या आणि पळवाटा तर होत्याच. पण पाट्या उतरल्या. मी स्वतः एक पाटी उतरताना पाहिली, शिडीवर चढून मुलगा स्क्रू काढत होता. मला तेव्हा कायदा कोणी आणला वगैरे काही माहीत नव्हतं. नंतर कळलं. त्यांनी डॉक्टरकी सोडली होती असं वर वाचलं आणि इतका वेळ नुसती बसून राहिले.

मेथीची_जुडी

ओवीताई, हे लिहिल्याबद्दल तुमचे आभार कसे मानू.

जुना_गोरेगावकर

आणीबाणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

जून 75 नंतर मृणालताई भूमिगत झाल्या. काही महिने सापडल्या नाहीत, मग अटक झाली. तुरुंगात त्यांना एकटं ठेवलं. शेजारच्या कोठडीत कुष्ठरोग झालेली स्त्री, समोरच्या कोठडीत मनाचा तोल गेलेली स्त्री, ती अंगावर कपडे ठेवायची नाही आणि रात्रंदिवस ओरडायची. राजकीय कैद्याला, तेही आमदाराला, असं ठेवलं ते मोडायला. बाहेर आल्यावर त्या पुन्हा गोरेगावात तशाच भराभर चालताना दिसल्या.

77 ला उत्तर मुंबईतून उभ्या राहिल्या. त्या निवडणुकीनंतरची घोषणा आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला पाठ आहे : पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई (म्हणजे इंदिरा गांधी) पाण्यात. मी तेव्हा पंचविशीत होतो. मतमोजणीच्या रात्री आम्ही स्टेशनबाहेर उभे होतो, ट्रान्झिस्टर एकाच्या खांद्यावर. मुंबईतून मृणालताई आणि अहिल्याताई रांगणेकर अशा दोघी निवडून आल्या. मोर्च्यात लाटणं घेऊन शेजारी शेजारी चाललेल्या दोघी एकाच वेळी लोकसभेत.

आणि घरांबद्दल. दिंडोशीला नागरी निवारा परिषदेची वसाहत आहे. कमाल जमीन धारणा कायद्याखालची जादा जमीन सामान्य माणसाच्या घरांसाठी मिळावी म्हणून मृणालताई आणि बाबूराव सामंत वर्षानुवर्षं झगडले. सहा हजारांहून जास्त घरं झाली. माझा धाकटा भाऊ तिथे राहतो. तो बेस्टमध्ये होता, मुंबईत त्याचं घर होईल असं आमच्या वडिलांना कधी वाटलं नव्हतं. चावी मिळाली त्या दिवशी वडील रिकाम्या खोलीत जमिनीवर बसले आणि भिंतीला पाठ टेकून तासभर उठलेच नाहीत.

दोन_नंबर_फलाट

काका, तुमचे दोन्ही प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवायला हवे होते. माझा प्रश्न अजून तसाच आहे, पण 'सत्ता टिकत नाही त्यांना आदर्श म्हणताना' हे वाक्य मी मागे घेतो.

सह्यकडा

जाईजुई, तुमच्या सोसायटीचं काय झालं? काही उपयोगाचं सांगतो. 'पाणी कमी येतं' असं म्हणत कार्यालयात जाऊ नका, ते सगळेच म्हणतात. तीन गोष्टी मागा. एक, तुमच्या इमारतीला मंजूर झालेल्या कनेक्शनची प्रत, त्यात किती कनेक्शन आणि किती व्यासाचं हे असतं. दोन, रस्त्यावरच्या मुख्य वाहिनीचा नकाशा. तीन, तुमच्या भागाच्या व्हॉल्व्हच्या वेळा. तोंडी नाही, लेखी अर्ज करून. तुमच्याकडे सलग पंधरा दिवस पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं याची वही असेल तर फारच चांगलं.

जाईजुई

वही नाही, पण तळमजल्यावरच्या काकू आहेत. त्यांना सांगते.

कृष्णाकाठ

आणि एकटीने जाऊ नका. एकटी गेलं की बसवून ठेवतात, आठ-दहा जणी गेलं की खुर्च्या कमी पडतात, मग कोणीतरी लवकर बाहेर येतं.

जाईजुई

(अठरा दिवसांनी) धागा वर काढते आहे.

काकूंनी पंधरा दिवस वही ठेवली. मुलाच्या जुन्या चौकटीच्या वहीत, वेळ, किती बादल्या भरल्या आणि एका दिवशी शेरा : 'गढूळ, तुरटी फिरवली'. ती वही घेऊन आम्ही अकरा जणी गेलो. साहेब साइटवर होते. आम्ही बसलो. कृष्णाकाठताई म्हणाल्या तसंच, खुर्च्या कमी पडल्या, चौघी उभ्या राहिल्या. पाऊण तासाने साहेब आले. काकूंनी वही पुढे केली आणि तारखा वाचायला लागल्या. त्यांचा आवाज इतका शांत होता की बाजूच्या टेबलावरचा माणूस काम थांबवून ऐकत होता.

फाइल काढली गेली. आमच्या इमारतीला दोन कनेक्शनं मंजूर आहेत. जोडलेलं एकच आहे. दुसरं सहा वर्षांपूर्वी कागदावर मंजूर झालं आणि कोणी विचारायलाच गेलं नाही, म्हणून राहिलं. म्हणजे पहिल्या वेळी आम्ही तिघी ज्या बाकावर बसून परत आलो, त्याच्या मागच्या कपाटात ते होतं.

पुढच्या मंगळवारी पाहणीला माणूस येणार आहे. नाही आला तर बुधवारी आम्ही परत जाणार. काकूंनी दुसरी वही घेतली आहे.

जुना_गोरेगावकर

अर्जाची पोच घेतली का?

जाईजुई

घेतली काका. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सगळं.